मागच्या खिशात रायगड

रायगड चढायला पूर्वी पाय लागायचे. चौदाशेच्या वर पायऱ्या, मध्ये ताक नि लिंबू सरबत, आणि वर पोचल्यावर बोलायला दमच उरलेला नसायचा, त्यामुळे माणूस आपोआप नम्र व्हायचा. मग रोपवे आला आणि पायांची सोय झाली. आता गडच खाली उतरून आलाय. स्टेशनाबाहेरच्या कव्हरवाल्याकडे तो हुकाला टांगलेला असतो. डावीकडे विराट कोहली, उजवीकडे गुलाबी मांजर. दीडशे रुपये, मोठ्या फोनला दोनशे. काचही बसवून घेतलीत तर वीसेक रुपये सुटतात.

घ्यायला हरकत काहीच नाही. हरकत आहे ती पुढच्या कृतीला. गिऱ्हाईक नवं कव्हर चढवतं, फोन दोनदा उलटसुलट करून बघतं, समाधानाने मान हलवतं, रायगड पँटच्या मागच्या खिशात सरकवतं आणि रिक्षात बसतं.

रायगडावर.

आपल्याकडे भावना दुखावणं हा बारमाही व्यवसाय आहे. नाटकाच्या नावाने दुखावतात, सिनेमाच्या पोस्टरने दुखावतात, पुस्तकाने तर न वाचताच दुखावतात. पण स्वराज्याच्या राजधानीवर बूड टेकवून कुर्ला ते वांद्रे प्रवास केल्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारल्याचं ऐकिवात नाही. फोन हल्ली माणसाबरोबर कुठवर जातो, हे इथे लिहायला नको. कव्हर तिथेही बरोबरच असतं. हॉटेलात फोन टेबलावर पडतो तो पडदा वर, पाठ खाली. मेसेज आलेला दिसला पाहिजे ना! म्हणजे पाठीवरचा सिंधुदुर्ग थेट सांडलेल्या सांबारात. सिंधुदुर्गाला पाण्याची सवय आहे, सांबाराची नव्हती.

आणखी एक गंमत बघा. कव्हरवरचं चित्र मालकाला दिसत नाही. पडदा त्याच्याकडे, किल्ला आपल्याकडे. लोकलमध्ये समोरच्या बाकावरची चार माणसं चार फोन धरून बसली, की आपल्याला प्रतापगड, गेटवे, ताजमहाल आणि एक विठोबा दिसतो. ते चौघं मात्र कुठल्याशा बाईने आंब्याच्या लोणच्यात काय घातलं ते बघत असतात. अभिमान त्यांचा, पाहण्याचं काम आपलं.

तर हा धंदा. सध्या त्याला बरे दिवस आहेत. पण धंदा म्हटला की त्याचे नियम आले, आणि या नियमांनी इतिहासाची फेरतपासणी चालवली आहे. पराक्रम, वय, शिल्प वगैरे बाजूला ठेवा. फोन हल्ली रुंदीच्या दुपटीहून जास्त उंच असतो. ज्या वास्तू मुळातच सडपातळ, त्यांचं नशीब उघडलं. कुतुबमिनार बसतो. आयफेल टॉवर बसतो. आपला राजाबाई टॉवर तर मापानेच शिवल्यासारखा बसतो. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न टाकता इंग्लंडात बसून त्याचा आराखडा केला, प्रेमचंद रायचंदांनी आईचं नाव द्यायच्या बोलीवर पैसे दिले आणि १८७८ मध्ये टॉवर पुरा झाला. इतकी दूरदृष्टी त्या काळात!

व्हीटीचे मात्र हाल. (१९९६ पासून छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. टॅक्सीवाल्याला विचारलंत तर अजून व्हीटीच.) फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ पासून जवळजवळ दहा वर्षं खपून ती ऐसपैस आडवी पसरली. आडवी इमारत उभ्या फोनवर बसवायची म्हणजे घुमट ठेवायचा, खाली दोनचार कमानी ठेवायच्या आणि बाकी दोन्ही अंगांचा मेगाब्लॉक. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेऊन एक बाई उभी आहे. ती प्रगतीचं प्रतीक. ज्या फोनचा कॅमेरा पाठीच्या मधोमध असतो, त्यावर बरोबर तेवढीच कापली जाते. घुमट राहतो, प्रगती जाते.

कॅमेरा हा या व्यवसायातला औरंगजेब आहे. दरवर्षी त्याची हद्द वाढते. आधी एक डोळा होता, मग दोन झाले, आता तीन आणि शेजारी दिवा. तेवढी इमारत गेली. बहुतेक फोनवर तो डाव्या कोपऱ्यात वर असतो, त्यामुळे ताजमहालाला हल्ली डाव्या बाजूचे मिनार नसतात. विजापूरचा गोल घुमट, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. मुहंमद आदिलशहाच्या कबरीवर तो आधाराच्या एकाही खांबावाचून उभा राहिला. नव्या मॉडेलपुढे त्याचं काही चाललं नाही. पाव घुमट भोकात.

यावर डिझाइनवाल्या पोरांनी तोडगा काढला. वर नुसतं आकाश ठेवायचं आणि किल्ला तळाला ढकलायचा. मग एवढं आकाश मोकळं कशाला सोडा, म्हणून ते भगवं केलं. आकाश भगवं म्हणजे सूर्य मागे, सूर्य मागे म्हणजे किल्ला काळा. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या यच्चयावत किल्ल्यांवर कायमची संध्याकाळ झालेली आहे. सगळे काळे, सगळे सारखे. खाली नाव लिहिलं म्हणून राजगड. नाव बदललं की तोरणा. गिऱ्हाईकही अडून बसत नाही. त्याला भगवा हवा असतो, डोंगर चालवून घेतो.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आनंदाचीच गोष्ट. फ्लेक्स लागले, स्टेटस झळकले, पुढाऱ्यांचे फोटो किल्ल्यांपेक्षा मोठे आले. आता एक खेळ करून बघा. भगव्या आकाशाचं कव्हर मिरवणाऱ्या कुणालाही ती बारा नावं विचारा. रायगड, शिवनेरी, प्रतापगड धडाधड येतात. सिंहगड येतो, तो यादीत नाही. राजगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग येतात. जंजिरा येतो, तोही नाही, आणि तो मराठ्यांना कधी जिंकताही आला नव्हता. मग गाडी अडते. साल्हेर कुणाला आठवत नाही. समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंच, आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात लोळवलं. खांदेरी आठवत नाही. ती अलिबागला जाताना बोटीतून दिसली, तरी लोक सेल्फीच काढत असतात. आणि बारावा जिंजी. तो तमिळनाडूत. रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज तिकडे गेले आणि मोगलांचा वेढा झेलत त्या गडाने १६९८ पर्यंत स्वराज्य तगवून धरलं. एखाद्या कव्हरवाल्याकडे जिंजी मागून बघा. तो तुम्हाला जिममधल्या माणसाचं कव्हर दाखवेल.

छपाईची रीत सोपी आहे. कोऱ्या कव्हरवर आधीच एक पांढरा लेप असतो. चित्र खास कागदावर उलटं छापायचं, तो कागद कव्हरला चिकटवून दोनशे अंशांच्या आसपास तापवलेल्या यंत्रात घालायचं. शाईची वाफ होते, लेपात शिरते, आणि चित्र पक्कं बसतं. शनिवारवाडा १८२८ मध्ये आठवडाभर जळत होता. आता तो रोज पुन्हा भाजला जातो, पण लवकर आटपतं. यातली मेख त्या उलट्या चित्रात आहे. यंत्रावरचा पोरगा चित्र उलटं करायला विसरला, तर इमारत आरशातली निघते. ताजमहालाला आणि गेटवेला काही होत नाही, त्यांच्या दोन्ही बाजू सारख्याच. राजाबाई टॉवरचं घड्याळ तेवढं उलट फिरायला लागतं. तक्रार कोण करणार? वेळ बघायची तर फोन सरळ करून पडद्यावर बघतात.

शनिवारवाड्याचा विषय निघालाच आहे. कव्हरवर या वास्तूवर अन्याय होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. १० जानेवारी १७३० ला पहिल्या बाजीरावाने पाया घातला, खर्चाचा आकडा १६,११० रुपये असा सांगतात. मजल्यांवर मजले चढले, कारंजी झाली, दिवाणखाने झाले. नारायणरावाचा खून झाला, १८१७ मध्ये इंग्रजांचं निशाण चढलं आणि अकरा वर्षांत आग लागून सगळं गेलं. उरली तटबंदी, दरवाजे आणि आत जोती. त्यावर आता हिरवळ. कव्हरवर छापतात तो दिल्ली दरवाजा. पुढून भव्य, मागे काही नाही. म्हणजे चित्रात जेवढा दिसतो तेवढाच प्रत्यक्षात आहे! आत काय होतं हे विचारायला कव्हरवाल्याकडे कुणी जात नाही. शनिवारवाड्यातही फारसं कुणी विचारत नाही. ‘काका मला वाचवा’ची हाक अमावास्येला ऐकू येते का पौर्णिमेला, एवढीच चौकशी असते.

गेटवेची कथा तर त्याहून कव्हरला शोभणारी. पंचम जॉर्ज आणि मेरी राणी अपोलो बंदरावर उतरले ते डिसेंबर १९११ मध्ये. पायाचा दगड त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बसला होता. दगडापलीकडे काहीही झालेलं नव्हतं. राजाराणीने तेव्हा पुठ्ठ्याची कमान पाहिली, असं सांगितलं जातं. खरी कमान जॉर्ज विटेट यांनी आखली आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. ज्यांच्या स्वागतासाठी बांधली, ते येऊन गेल्याला तेरा वर्षं झाली होती. पुढे १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या शेवटच्या पलटणीने तिथूनच परतीचा रस्ता धरला. तेव्हा गेटवे कव्हरवर चपटी छापली म्हणून कुणी नाक मुरडू नये. तिची सुरुवातच पुठ्ठ्यावर झाली.

गेटवेच्या समोरच ताजमहाल हॉटेल. १९०३ चं. इथे कव्हरवाल्याने सांभाळून राहावं. २०१७ मध्ये या हॉटेलने आपल्या इमारतीच्या रूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद करून घेतली. भारतातली अशी ही पहिलीच इमारत. तिचं चित्र धंद्यासाठी वापरायचं तर मालकांची परवानगी हवी. आग्र्याचा ताजमहाल कुणीही छापा, कितीही छापा, मिनार कापून छापा; शहाजहानने नोंदणी केली नव्हती. तसा आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा उदार आहे. इमारतीचं चित्र किंवा फोटो काढणं हा हक्कभंग धरत नाही. पॅरिसवाले आणखी चिवट. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो खुशाल वापरा. रात्रीच्या रोषणाईवर मात्र हक्क राखलेला आहे, ती विकायची तर विचारून विका. आमच्या कोपऱ्यावरच्या कव्हरवाल्याकडे झाडून सगळे आयफेल टॉवर रात्रीचेच आहेत. फ्रेंच सरकारने काय करायचं ते करावं, तो संध्याकाळी सहानंतर भेटतो.

आता मुद्द्याच्या कव्हरकडे येतो: नावाचं कव्हर. पन्नास रुपये जास्त दिले की किल्ल्याच्या वर तुमचं नाव सोनेरी अक्षरांत येतं. खाली किल्ला, वर ‘सूरज’. मागे मशाली. कुणी आडनावासकट घालतात, कुणी नावाआधी ‘सरदार’ लावतात. या कव्हरची आम्ही सुरुवातीला टिंगल करणार होतो. पण विचार केला, हे तर देशकार्य आहे. आपल्या माणसाला किल्ल्यावर गेलं की नाव लिहावंसं वाटतंच. खिळ्याने लिहितो, कोळशाने लिहितो, बाण घुसलेला बदाम काढून दोन नावं लिहितो. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केली, तर १९५८ च्या कायद्याखाली, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा आहे, दंड आहे, बदामही आहेत. कव्हरवर मात्र तोच सूरज दोनशे रुपयांत किल्ल्यावर नाव कोरून घेतो आणि दगडाला ओरखडा नाही. पुरातत्त्व खात्याने प्रत्येक गडाच्या पायथ्याशी असलं एक यंत्र ठेवावं. वर जाण्याआधी नाव लिहून घ्यायचं, बदामासकट. मगच तिकीट.

एकच अडचण आहे, आणि ती रायगडावर आहे. हिरोजी इंदुलकर नावाच्या माणसाने हा गड बांधून काढला. वाडे, मनोरे, तलाव, मंदिरं. एवढं करून त्याने स्वतःचं नाव कुठे कोरलं? जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय त्यावर पडावेत म्हणून. ती पायरी अजून तिथे आहे, नाव अजून वाचता येतं. त्या गडावर आज सोनेरी अक्षरांत नाव झळकतं ते ज्याने बारा हप्त्यांवर फोन घेतला त्याचं. हिरोजीची पायरी कव्हरवर आम्ही अजून पाहिलेली नाही. ती आडवी आहे, काळी आहे, तिच्यामागे सूर्यास्त बसत नाही.

हाच खरा तंटा आहे. कव्हर देखण्या वास्तू निवडतं. जिच्यापुढे वायरी लोंबतात, जिला टेकू लागलेत, जिच्या सज्जात कुणाचे तरी टॉवेल वाळतात, ती वास्तू कितीही मोठ्या घटनेची साक्षीदार असो, छापायच्या कामाची नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात तिथली. कव्हरवर लालबागचा राजा मिळतो. चाळ मिळत नाही.

तेव्हा छपाईवाल्यांना एक सूचना करून आम्ही थांबतो. काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन म्हणून एक इमारत आहे. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात तिचे ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडातून बोटीने आणून इथे जोडले. लोखंडी सांगाड्याची इतकी जुनी इमारत देशात दुसरी उरलेली नाही. पुढे मोडकळीला आली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. पाडायची की सावरायची, यावर कोर्टात आणि तज्ज्ञांत बरीच वर्षं घोळ चालला. याच इमारतीत ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली. तुम्ही लोकलमध्ये, रिक्षात, जेवताना नि जिथे नको तिथेही फोनवर दिवसभर जे बघता, त्याचा या देशातला पहिला खेळ तिथला. फोनच्या पाठीवर बसायचा हक्क कुठल्या वास्तूचा असेल, तर आधी तिचा.

छापा. टेकू दिसले तरी चालतील, वायरी आल्या तरी चालतील, आकाश भगवं करायची गरज नाही. पन्नास रुपये जास्त सांगितलेत तरी आम्ही घेऊ. त्या पहिल्या खेळाचं तिकीट एक रुपया होतं.